न झालेल्या प्रयोगाचा तास

मानसशास्त्राच्या पहिल्या तासाला मनाबद्दल काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून मावशी पुढच्या बाकावर जाऊन बसल्या, आणि त्यांना ऐकायला मिळालं ते समास किती सोडायचा हे. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. पानं जोडायची ती स्टेपलरनं, टाचणीनं नाही. पेपर उशिरा दिला तर दर दिवशी गुण कापले जाणार, आणि आजी वारल्याचं कारण एका सत्रात एकदाच चालणार. यावर वर्ग हसला. मावशी हसल्या नाहीत, कारण त्या लिहून घेत होत्या.

प्राध्यापक तरुण होते, हुशार होते आणि त्यांना प्रश्नांचा कंटाळा होता. म्हणून त्यांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच छापून अकरा पानांची पत्रिका प्रत्येकाच्या हातात ठेवली होती. त्यातलं बरंचसं तिसऱ्या पानावर होतं. परीक्षा कधी? पान तीन बघा. पुस्तक कोणतं? पान तीन. एका मुलानं स्वच्छतागृह कुठंय विचारलं, तर सरांचं बोट सवयीनं पत्रिकेकडेच गेलं. आठवडा उलटायच्या आत पोरांनी त्यांचं बारसं केलं, पानतीन सर.

मावशी म्हणजे एका शाळेच्या ऑफिसात पुढच्या टेबलावर बसणाऱ्या बाई. वय पन्नाशीला टेकलेलं, गुडघे त्याच्याही पुढे गेलेले. टेबलासमोर एक लाकडी बाक आहे. शाळेत पडलेलं, भांडलेलं, ताप चढलेलं, घरून न्यायला कुणीच न आलेलं असं प्रत्येक मूल त्या बाकावर येऊन बसतं, म्हणून पोरं त्यांना बाकावरच्या मावशी म्हणतात. मूल रडत असलं की मावशी आधी पाणी देतात. मग उठून शेजारी जाऊन बसतात. विचारत काहीच नाहीत. थोड्या वेळानं मूल आपणहून बोलायला लागतं, आणि नेमकं तेव्हा मावशींना त्याला आतल्या खोलीत, समुपदेशक बाईंकडे पाठवावं लागतं. दार लागतं. पुढचं काही मावशींना कळत नाही.

आता समुपदेशक बाईंच्या हाताखाली एक जागा निघाली होती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "जागा तुमचीच आहे हो. पण नियमात मानसशास्त्राचा एक विषय कॉलेजातून पास झाल्याचा दाखला लागतो. तेवढं करून टाका."

तेवढं करून टाका! सांगणाऱ्याचं काय जातं. पण मावशींना ती जागा हवी होती. मिळाली तर बरं असलं काही नाही, हवी म्हणजे हवीच होती. पाणी पाजून पाजून त्यांचा अर्धा जन्म दाराबाहेर गेला होता. त्यांना एकदा दाराच्या आत बसायचं होतं.

पहिला पेपर दोन पानांचा होता. कुठल्याही एका मानवी वर्तनाबद्दल लिहा. मावशींनी रडण्याबद्दल लिहिलं. समास मोजून सोडला, अक्षर वळणदार काढलं, आणि पहिलंच वाक्य घातलं, 'रडणाऱ्या माणसाला आधी पाणी द्यावं, मग शेजारी बसावं, विचारू काही नये.' पेपर परत आला तेव्हा त्या वाक्याशेजारी लाल शाईत एकच शब्द होता: 'पुरावा?' गुण काठावरचे. मावशी तडक सरांच्या खोलीत गेल्या.

"सर, हे मी रोज बघते."

"तुम्ही बघता, तीच तर अडचण आहे," सर शांतपणे म्हणाले. "पाणी दिल्यावर मूल शांत होतं. मान्य. पण पाणी न देताही झालं असतं की नाही, कशावरून? ज्यांना पाणी दिलं नाही त्यांचं काय झालं, ते बघितलंय का कधी?"

"पाणी दिलं नाही असं कधी झालंच नाही."

"मग तुलना कशाशी करणार?" सरांनी पेपर परत दिला. "अनुभव वेगळा, पुरावा वेगळा. पान सात बघा."

निदान पान तरी बदललं, असं पुटपुटत मावशी बाहेर आल्या. राग असा आला होता की जिना उतरताना गुडघे दुखतायत हेही विसरल्या. आणि रागातला खरा काटा हा, की माणूस चूक बोलत नव्हता.

पण पेपर म्हणजे काहीच नव्हे असं वाटावं अशी गंमत तिसऱ्या पानावर पुढे होती. प्रत्येक विद्यार्थ्यानं वरच्या वर्गातल्या मुलांच्या प्रयोगांमध्ये पाच तास भाग घ्यायचा. प्रयोग करायला नाही, करून घ्यायला. उंदीर परवडत नाहीत म्हणून पहिल्या वर्षाची पोरं, दुसरं काय. पाच तास भरले नाहीत तर बाकी सगळीकडे पैकीच्या पैकी मिळाले तरी नापास. नाव नोंदवून न कळवता निघून गेलात तर तो तास बुडाला, वर आणखी एक तास दंड. त्याखाली अजून काहीबाही होतं, पण तळाच्या बारीक टायपापर्यंत मावशींचा चष्मा पोचला नव्हता.

मावशी म्हणाल्या, ठीक आहे, बसू पाच तास. पण त्यांना बसवून घ्यायला हवं ना कुणी! बहुतेक प्रयोगांना वय अठरा ते पंचवीस. एकाला डावखुरे हवे होते. एकाला चष्मा चालत नव्हता. एकाला तर 'सध्या प्रेमात असलेले' हवे होते. ते वाचून मावशींनी घरी नवऱ्याकडे एकवार पाहिलं आणि पुढचा कागद बघितला. आपलं डोकं तपासून घ्यायला हिंडायचं आणि दारोदार नको म्हणून घ्यायचं, असा अपमान त्यांच्या वाट्याला उभ्या आयुष्यात आला नव्हता.

रडतखडत तीन तास झाले. चौथ्या तासाला एका मुलानं त्यांना कोडी सोडवायला बसवलं आणि जाता जाता त्याच्या हातून पेनांचा डबा पडला. मावशी उठल्या. सगळी पेनं गोळा केली, टेबलाखालची दोन झाडूनं ओढून काढली, वाळलेली वेगळी केली, उरलेल्यांना रंगवार रबर लावले आणि त्या मुलाला म्हणाल्या, "बाळा, डबा काठावर ठेवू नये रे." तास संपल्यावर कळलं की कोडी खोटीच होती. डबा मुद्दाम पाडला होता. कोण किती पेनं उचलतं, एवढंच मोजायचं होतं.

"म्हणजे मला बनवलंत?"

"तसं नाही, मावशी," तो ओशाळून म्हणाला. "पण तुमचे आकडे बाजूला ठेवावे लागतील. तुम्ही बाकीच्यांपेक्षा फारच वेगळं वागलात. सरासरी बिघडते."

तास मिळाला, पण शब्द लागला तो लागलाच. चांगलं वागलं तर सरासरी बिघडते! पुढच्या वर्गात सरांनी नाव न घेता तेच उदाहरण फळ्यावर मांडलं आणि वर म्हणाले, "लक्षात ठेवा, खरा प्रयोग पुष्कळदा तुम्हाला वाटतो तिथे नसतोच. तो बाहेर, वेटिंग रूममध्येच सुरू झालेला असतो." मागच्या बाकांवरून रबर लावल्याचा आवाज कुणीतरी तोंडानं काढला.

घरी लेकीला सांगितलं, तर ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. लेक शाळेच्या शेवटच्या वर्गात, जीभ मात्र पदवीधर.

"आई, पेनांना रबर कुणी लावतं का?"

"पडली होती तर उचलायची नाहीत?"

"उचल ना. चार उचल आणि गप बस. सगळे करतात तेवढंच करायचं. पुढच्या वेळी कुणी पडलं, रडलं, ओरडलं, तरी समजून जा, नाटक आहे. भाबडेपणा करू नकोस."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मावशींनी कानाला खडा लावला. आता उरलेला एक तास सगळे वागतात तसं वागून काढायचा. ना कमी, ना जास्त.

तो शेवटचा तास मिळाला तोही शेवटच्या दिवशी. संध्याकाळी नोंदी बंद होणार होत्या. मावशींनी शाळेतून दुपारीच सुटी घेतली. बाकावर नाक फुटलेला एक मुलगा होता, त्याला मोठ्या बाईंच्या हवाली केलं आणि कॉलेजात मागच्या दारानं शिरून लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर गेल्या. गुडघे धड असते तर पुढच्या दारानं, जिन्यानं गेल्या असत्या. पण ते पुढे.

वेटिंग रूम लहान होती. समोरासमोर खुर्च्या, मध्ये जुनी मासिकं टाकलेलं टेबल, कोपऱ्यात पाण्याचं मशीन आणि कागदी पेले. आतलं दार बंद, त्यावर 'बोलावल्याशिवाय आत येऊ नये' अशी पाटी. छताला एक पांढरी डबी होती आणि तिच्यात लाल ठिपका अधूनमधून लुकलुकत होता. मावशींनी ठिपक्याकडे पाहिलं आणि मनात म्हणाल्या, बघा बाबांनो, आज तुम्ही बघा आणि मीही बघते.

समोर एक मुलगी बसली होती. राखाडी स्वेटर, मांडीवर दप्तर. तिनं मावशींकडे पाहून मान हलवली. मावशींनी तेवढीच हलवली, एक इंच जास्त नाही.

थोड्या वेळात मुलीचा फोन वाजला. "पडले? कुठे पडले?" ती म्हणाली. "शुद्धीवर आहेत ना? बाबांना दे... नाही, मी कॉलेजात. इथला तास संपला की निघतेच." फोन ठेवून ती भिंतीकडे बघत राहिली आणि रडायला लागली.

आलं, मावशी मनात म्हणाल्या. पेनं गेली, पोरगी आली. त्यांनी मासिक उचललं. त्यात स्वयंपाकघराच्या फरश्यांवर लेख होता, तो त्यांनी मन लावून वाचायला घेतला. मुलगी काम मात्र झकास करत होती. डोळे लाल, नाकसुद्धा गळत होतं, आणि ते ती स्वेटरच्या बाहीला पुसत होती. अगदी बाकावरची पोरं पुसतात तशी. कुठून शिकवून आणतात हो हे, मावशींनी मनोमन दाद दिली.

पण हात. हाताला कोण शिकवणार? पाण्याच्या मशीनकडे तो दोनदा निघाला. एकदा तर पेल्यापर्यंत पोचायचाच बाकी होता. मावशींनी तो पर्समध्ये घातला, रुमाल काढला आणि स्वतःचा चष्मा पुसला. पाणी दिलं तर सरासरी बिघडते. नाही दिलं तर कुठंतरी लिहिलं जाईल की बाई दगड आहे. इकडे आड, तिकडे विहीर. या कॉलेजनं माणसाला साधं रडू बघायचीही सोय ठेवली नव्हती, आणि मावशींना त्या मुलीचा, तिच्या खोट्या बाबांचा, त्या लाल ठिपक्याचा असा काही संताप आला की मासिकाचं पान फाटलं.

मुलगी एकदम बोलली. "ऐका ना. मी निघून गेले तर चालेल का? माझे बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. हा माझा शेवटचा तास आहे, नाहीतर विषय पुन्हा घ्यावा लागेल. तुम्ही आत सांगाल का त्यांना, की मी कळवून गेले?"

हाच तो प्रश्न, मावशींना वाटलं. याच्यासाठीच सगळं मांडलंय. आता सगळे काय उत्तर देतील? आणि त्यांच्या तोंडून, अगदी तयार ठेवल्यासारखं, बाहेर पडलं, "ते मला सांगता येणार नाही. नियम पान तीनवर आहेत."

मुलीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. अंगावरच्या इस्त्रीच्या कपड्यांकडे, चष्म्याकडे, शाळेच्या ऑफिसातल्या त्या मोठ्या पर्सकडे. मग ती दप्तर घट्ट धरून ताठ बसली. रडणंही तिनं आवरलं, म्हणजे आवाज बंद केला. फोन पुन्हा वाजला तेव्हा तिनं बघितला, छताकडे बघितलं, आणि तो दप्तरात टाकला.

मावशींना बरं वाटलं. जमलं, त्या म्हणाल्या मनात. शेवटी जमलं एकदाचं.

उजेड उतरला तेव्हा दार उघडलं आणि चाव्यांचा जुडगा घेतलेला शिपाई आत आला. दोघींना बघून दचकलाच.

"इथं काय करताय?"

"प्रयोगाला आलोय," मावशी म्हणाल्या.

"आज कुठला प्रयोग? ती संशोधक बाई दुपारीच ताप भरला म्हणून घरी गेली. खाली पुढच्या दाराला एवढा मोठा कागद चिकटवलाय, जिन्यापाशी."

मावशी समजूतदारपणे हसल्या. हेही आलंच म्हणायचं. "बरं. मग आता आम्ही काय करायचं असतं?"

"घरी जायचं असतं," शिपाई म्हणाला. "हसताय काय बाई? मला कुलूप लावायचंय."

"आणि तो वरचा दिवा?"

"धुराचा आहे तो. धूर झाला की वाजतो." त्यानं पंखा बंद केला.

मुलगी उठून उभी राहिली होती. "म्हणजे कुणीच बघत नव्हतं?" असं तिनं विचारलं, आणि ते ज्या आवाजात विचारलं तो आवाज मावशींनी बाकावर इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकला होता की त्यांना दुसऱ्या कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. हातातलं मासिक खाली पडलं. ते उचलायलाही त्या वाकल्या नाहीत.

मुलगी जिन्यानं धावत सुटली. मावशी तिच्यामागे तोच जिना उतरल्या. गुडघ्यांनी हाय खाल्ली, त्यांनी गुडघ्यांना शिव्या घातल्या. पुढच्या दारावर तो कागद खरंच होता; मुलगीही मागच्या लिफ्टनंच वर आली असणार. रस्त्यावर मुलगी टॅक्सीला हात करत होती. टॅक्सी थांबली आणि मावशी न विचारता दुसऱ्या दारानं आत बसल्या. मुलीनं त्यांना उतरा म्हटलं नाही. तिला त्यांच्याकडे बघायलाही सवड नव्हती. ती फोन लावत होती आणि पलीकडून कुणी उचलत नव्हतं.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मावशी म्हणाल्या, "पोरी, मला वाटलं तू नाटक करतेस."

मुलगी वळली. "मी?"

"प्रयोगातली वाटलीस. मुद्दाम रडायला बसवलेली."

"आणि मला वाटलं, तुम्ही त्यांच्यातल्या," मुलगी म्हणाली. "तुमच्या वयाचं कोण असतं तिथे? आधी नव्हतं वाटलं. पण समोर इतकं रडतंय कुणी आणि बाई फरशांची चित्रं बघतायत. मग ते पान तीनचं बोललात, तेव्हा खात्रीच पटली. मी उठते का हेच बघतायत असं वाटलं. नाहीतर मी तेव्हाच गेले असते."

सिग्नल सुटला. मुलगी पुन्हा फोन लावायला लागली.

हॉस्पिटलच्या लांबलचक बोळात तिचा भाऊ उभा होता. बहिणीला बघून तो पुढे आला नाही, जागेवरूनच म्हणाला, "आत्ताच आत नेलं ऑपरेशनला. डोक्यात रक्त साचलंय म्हणाले. फोन का उचलत नव्हतीस? बाबा सारखे विचारत होते, ही आली का, ही आली का. मी सांगत होतो, निघालीये."

मुलगी भिंतीच्या कडेच्या बाकावर बसली. बाक लाकडीच होता. मावशींनी कोपऱ्यातून पाणी आणलं आणि तिच्या हातात पेला दिला. हात आता कसा बरोबर चालला होता! मुलीनं पेला धरून ठेवला, प्यायली नाही. मावशी शेजारी बसायला गेल्या तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही जा आता. प्लीज." आवाजात राग नव्हता. राग असता तर मावशींना सोसला असता.

त्या घरी पोचायच्या आत फोनवर कॉलेजचा निरोप आला. प्रयोगकर्ता न आल्यास सहभागींचा तास पूर्ण धरण्यात येतो, त्यानुसार आपले पाच तास भरले आहेत, अभिनंदन. लेकीनं वाचलं आणि टाळी द्यायला हात पुढे केला. मावशी सरळ आत गेल्या आणि कपडे न बदलता पलंगावर बसून राहिल्या. मग लेकीनं काही विचारलं नाही. पाणी आणून दिलं आणि शेजारी बसली. तिला हे कुणी शिकवलं होतं ते वेगळं सांगायला नको, आणि मावशींना त्या दिवशी रडू फुटलं ते त्या पाण्यानंच.

त्या पुन्हा हॉस्पिटलात गेल्या. बाप वाचला होता. डोळे उघडत होता, हात दाबत होता, पण वाचा गेली होती. येईल कदाचित, डॉक्टर म्हणत होते, सांगता येत नाही. तोवर 'ही आली का' एवढंच त्याचं शेवटचं बोलणं होतं. मुलगी आत त्याच्या उशाशी होती. भावानं विचारलं, बोलावू का तिला? मावशी नको म्हणाल्या आणि फळांची पिशवी देऊन परतल्या.

मग त्या विभागाच्या ऑफिसात गेल्या. तिथल्या कारकुनाला म्हणाल्या, "माझा शेवटचा तास काढून टाका."

"का? चुकीचा लागलाय?"

"मला नकोय तो."

कारकुनानं असा विद्यार्थी पहिल्यांदाच बघितला असावा. त्यानं संगणकात बराच वेळ शोधलं. "काढायचा तर प्रयोगकर्त्याची सही लागते, की तुम्ही प्रयोग पुरा केला नाही."

"प्रयोगकर्ता आलाच नव्हता. म्हणून तर तास मिळाला."

"हो ना. मग सही कोण करणार?" त्यानं हात वर केले. "राहू द्या की, मावशी. लोक तासासाठी भांडतात, तुम्ही नकोसाठी भांडताय. पान तीनवर आहे बघा, खाली."

मावशी तिथे पाय आपटायच्या बाकी राहिल्या. घ्यायला गेलं तेव्हा हे लोक देत नव्हते, आणि आता परत घेत नव्हते. टेबलावर कारकुनाची पेनं पसरली होती. त्यातलं एक त्यांच्या धक्क्यानं खाली पडलं. त्यांनी ते उचललं, जागेवर ठेवलं आणि बाहेर पडल्या.

निकाल लागला. मावशी पास झाल्या. मोठ्या बाईंनी ऑफिसात सगळ्यांसमोर नाव घेतलं, समुपदेशक बाईंनी आतल्या खोलीत दुसरी खुर्ची लावून घेतली. सुटीनंतर रुजू व्हायचं होतं. नवरा म्हणाला, "झालं ना मनासारखं?" मावशी हो म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. जागा हवी होती आणि मिळाली होती, आणि नको म्हणायचं धाडस त्यांच्यात नव्हतं, हेही तितकंच खरं.

दाखला घ्यायला कॉलेजात गेल्या तेव्हा पानतीन सर आपल्या खोलीत पुस्तकं आवरत होते. मावशींनी पर्समधून पहिला पेपर काढला. चार घड्या पडल्या होत्या त्याच्या. टेबलावर त्यांनी तो उलगडून ठेवला.

"याचे गुण आता बदलता येणार नाहीत," सर लगेच म्हणाले. "निकाल लागलाय."

"गुणांसाठी नाही, सर. तुम्ही विचारलं होतंत. उत्तर द्यायचं राहिलं होतं."

सरांनी पेपर ओढून घेतला. पहिल्या वाक्याशेजारी त्यांचाच लाल शब्द होता, 'पुरावा?' त्याच्याखाली, समास सोडून, निळ्या शाईत वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'एकदा मी पाणी दिलं नाही.'

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

मावशी खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.